खानदानी बीपी

“कोण ओरडलं?” दादासाहेबांनी डोळे न उघडताच विचारलं.

कुणीच ओरडलं नव्हतं. स्वयंपाकघरात सुनेच्या हातून चमचा पडला होता. पण दादासाहेब दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायला बसले की घरात चमच्यालाही पडायची मुभा नसे. पंखा बंद, टीव्ही बंद, खिडक्या बंद आणि सोफ्याच्या मधोमध डावा हात टेबलावर पसरून दादासाहेब असे बसलेले, की जणू स्वतःच्या पुतळ्याचं अनावरण स्वतःच करायला आले आहेत.

यंत्र गुरगुरलं, पट्टा फुगला आणि आकडा उमटला.

“एकशे अठ्ठावन्न!” पहिल्या नंबराने पास झालेला मुलगा जसा निकाल वाचेल, तसा त्यांनी तो वाचला. “एका चमच्यापायी एकशे अठ्ठावन्न. उद्या मी आडवा झालो, तर भांडी कुणी पाडली ते आधी विचारा.”

“सॉरी बाबा,” सून आतूनच म्हणाली. हे वाक्य ती आता झोपेतही म्हणू शकली असती.

दादासाहेब पाणीपुरवठा खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. तिथे हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे ‘कुकर’ म्हणत, कारण कामाच्या नावाने शिजत काही नसे, शिट्ट्या मात्र दिवसभर. निवृत्तीनंतर हुकूम सोडायला कुणी उरलं नाही. माणूस अगदी कोमेजून चालला होता. तेवढ्यात त्यांना बीपी सापडलं आणि गेलेली खुर्ची परत मिळाली.

सापडलं म्हणजे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. आधी त्यांनी एका डॉक्टरला दाखवलं होतं. तो म्हणाला, “बीपी उत्तम आहे.” दादासाहेबांनी डॉक्टर बदलला. दुसराही तेच म्हणाला. तेव्हा त्यांनी डॉक्टर हा प्रकारच सोडला आणि दुकानातून यंत्र आणलं. यंत्र समजूतदार निघालं. पहिल्याच दिवशी त्याने मालकाच्या मनासारखा आकडा दाखवला. गोळ्या मात्र ते घेत नसत. “गोळ्या दुबळ्यांनी घ्याव्यात. माझं बीपी मी शिस्तीवर ठेवतो,” ते म्हणत. शिस्त म्हणजे बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं.

या औषधाचा गुणही असा, की विचारायची सोय नाही. मुलाने वेगळं घर बघायचा विषय काढला, बीपी चढलं. विषय मिटला, बीपी उतरलं. वहिनींनी, म्हणजे दादासाहेबांच्या पत्नीने, भावाकडे चार दिवस राहून येते म्हटलं, की पट्टा बाहेर निघालाच. वहिनींच्या भावाचं बटणांचं दुकान होतं. शर्टाची, कोटाची, उशांच्या अभ्र्यांची बटणं. दादासाहेब त्या सगळ्या माहेराला एकाच शब्दात गुंडाळत, “बटणवाले!” आणि पुढे म्हणत, “त्यांना कसलं बीपी येतंय? अंगात रक्त तर हवं. आमच्या घराण्याचं रक्त बघा. उसळतं! आमचे आजोबा भर कचेरीत साहेबाशी बोलता बोलता गेले. बोलता बोलता!”

वहिनी हे ऐकत आत-बाहेर करत. मधूनच फ्रिजच्या गार दारावर कपाळ टेकून क्षणभर उभ्या राहत. मग पुन्हा कामाला लागत. त्यांना कुणी काही विचारत नसे, कारण त्यांना बीपी नव्हतं.

घोटाळा सुरू झाला तो मुलापासून. त्याने नोकरी बदलली. नव्या ऑफिसात रुजू व्हायच्या आधी तपासणी होती. तिथल्या डॉक्टरने त्याचं बीपी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं आणि त्याला थेट मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे रक्त तपासलं तर पोटॅशियमही कमी. तिशीतल्या धडधाकट माणसाला एवढं बीपी का, हे कुणाला कळेना. मुलगा चेहरा पाडून घरी आला.

“बाबा, माझं बीपी खूप जास्त निघालंय.”

दादासाहेब सोफ्यावरून उठले. त्यांनी मुलाला चक्क मिठी मारली. दहावीला मुलगा शाळेत तिसरा आला होता, तेव्हाही त्यांनी नुसती मान हलवली होती.

“शाब्बास! अखेर माझं रक्त बोललं.”

“बाबा, आजार झालाय मला.”

“आजार काय म्हणतोस? वारसा आहे तो!”

“वारशात दुसरं काही नव्हतं का?” सून म्हणाली. पण ते पुटपुटणं असल्यामुळे बीपीपर्यंत पोचलं नाही.

रुग्णालयात या विषयावर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्यात उच्च रक्तदाब उतरत आलाय, अशी कुटुंबं त्या शोधत होत्या. बहुतेकांचं बीपी ही वजन, मीठ, दगदग आणि असंख्य जनुकं अशी सगळ्यांची मिळून करणी असते. पण क्वचित एखाद्या घरात एकच बिघडलेलं जनुक सगळा गोंधळ घालतं. ते सापडलं तर औषधही नेमकं देता येतं. मुलाला त्यांनी विचारलं होतं, “घरात आणखी कुणाला आहे?” आणि त्या बिचाऱ्याने जन्मभर जे ऐकलं तेच सांगितलं, “वडिलांना. फार आहे.”

“मी रविवारी घरीच येते,” बाई म्हणाल्या. “जमतील तेवढे रक्ताचे नातेवाईक बोलावून ठेवा.”

दादासाहेबांनी केस कापून घेतले. आजोबांचा फोटो माळ्यावरून काढून दिवाणखान्यात लावला. त्यासाठी वहिनींना शिडीवर चढवलं, कारण चढ-उतार बीपीला वाईट. मग भावंडांना फोन केले. धाकटा भाऊ ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा.

“रविवारी ये. तुझं बीपी मोजायचंय.”

“मला बीपी नाहीये, दादा.”

“असं कसं नाही? खानदानी आहे!”

“दरवर्षी लायसनसाठी तपासतात ना. एकदम ठीक असतं.”

“ते तपासणं नव्हे. तू ये, मी काढून दाखवतो.”

बहीण बालवाडीत शिकवायची. ती म्हणाली, “येते. पण भांडणार नसशील तर.” दादासाहेबांनी फोन ठेवला आणि समाधानाने स्वतःशी म्हणाले, “बघा, आत्तापासूनच तापलीय.”

रविवारी डॉक्टरीणबाई आल्या. सोबत रक्त घेणारा एक मदतनीस आणि खांद्याला भलीमोठी पिशवी. दादासाहेबांनी त्यांना आधी फोटोसमोर उभं केलं आणि घराण्याच्या रक्तावर भाषण सुरू केलं. बाईंनी थोडा वेळ ऐकलं. मग विचारलं, “आजोबा नक्की कशाने गेले?”

“रागाने!”

“रागाने कुठे?” बहीण म्हणाली. “पाय घसरून गेले ना? कचेरीच्या पायऱ्यांवरून. चप्पल नवीन होती म्हणून आजी शेवटपर्यंत त्या चपलेला शिव्या देत होती.”

“साहेबाला सुनावत होते तेव्हा घसरले,” दादासाहेबांनी दुरुस्ती केली.

“सुनावत नव्हते रे, सलाम करत होते,” भाऊ शांतपणे म्हणाला. “फार खाली वाकले. तोल गेला.”

बाईंनी मान फिरवली आणि पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं केलं. खांदे मात्र हलत होते.

“आणि वडील?”

“नव्वदी पार करून गेले,” बहीण म्हणाली. “दुपारी जेवून झोपले, ते उठलेच नाहीत. त्या दिवशी दोनदा भात घेतला होता.”

दादासाहेबांना हे सगळं अत्यंत बेजबाबदार वाटलं. घराण्याचा इतिहास असा कुणाही समोर खरा सांगतात का?

भावाचं बीपी मोजलं. अगदी नॉर्मल. बहिणीचं त्याहून छान. दादासाहेब अस्वस्थ झाले. रांगेत एकामागून एक नापास होणाऱ्या मुलांकडे मास्तर बघतात, तसे ते भावंडांकडे बघू लागले.

“असं गार बसल्यावर काय दिसणार मॅडम? यांना राग आणायला हवा. थांबा.” त्यांनी बहिणीवर बोट रोखलं. “वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ तू कुणाला विचारून नेलंस?”

“कचऱ्याच्या डब्यातून विचारून न्यायचं असतं का, दादा? तूच टाकलं होतंस.”

“आणि तू!” बोट भावाकडे वळलं. “तुझ्या हाताखाली शिकलेल्यांमुळे अर्धं गाव लंगडतंय!”

“अगदी खरं,” भाऊ म्हणाला. “मी बायकोला सांगूनच ठेवलंय, माझ्या जुन्या विद्यार्थ्याची गाडी दिसली की फुटपाथ सोडून दुकानात शिर.”

माणूस इतकी वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारच्या सीटवर बसला होता. त्याला दादासाहेब कसले घाबरवतात? बाईंनी पुन्हा मोजलं. आकडा जागचा हलला नव्हता.

“काका, मोजताना बोलू नका, प्लीज. आता तुम्ही बसा.”

ही वेळ आली तसे दादासाहेब सावरले. भावंडं फितूर निघाली तरी मूळ खांब शाबूत होता. त्यांनी बाही वर केली आणि स्वतःचं यंत्र पुढे सरकवलं. “याच्यावर मोजा. याला माझी सवय आहे.”

बाईंनी पट्टा उचलून पाहिला. तो दंडाभोवती पुरत नव्हता म्हणून दादासाहेबांनी त्याला दोन्ही टोकांना नाडी शिवून घेतली होती. शिवून अर्थातच वहिनींनी दिली होती.

“काका, हा बारीक दंडासाठी आहे. जाड दंडाला लहान पट्टा आवळला की आकडा उगाच वर जातो,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून मोठा पट्टा काढला. तो फुगला, उतरला. “एकशे चोवीस. वा! छान आहे.”

मुलगा बापाकडे बघत होता. सून खिडकीतून बाहेर बघत होती, कारण आत बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

“दुसरा हात,” दादासाहेब म्हणाले.

दुसऱ्या हातावर एकशे बावीस.

“उभ्याने घ्या.” उभ्याने घेतलं. “आता थांबा, मी आलोच.” आणि दादासाहेब तरातरा जिन्याकडे गेले. चढ-उतार बीपीला वाईट असल्यामुळे ते गच्चीपर्यंत चढले आणि उतरले. धापा टाकत, घामाने निथळत ते परत सोफ्यावर कोसळले. “आत्ता! आत्ता घ्या!”

“आधी शांत बसा,” बाईंनी सांगितलं आणि श्वास खाली बसेपर्यंत थांबून मगच पट्टा फुगवला. आकडा पुन्हा निरोगी.

दादासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बुडत्याने हात मारावेत तशी त्यांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि सुनेवर थांबली.

“तू! इकडे ये. मला उलट बोल.”

“मी?” सून दचकली. “काय बोलू, बाबा?”

“काहीही बोल. मनात येईल ते. माझं बीपी चढलं पाहिजे. ही आज्ञा आहे माझी.”

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने फोटोकडे पाहिलं. मग ती खुर्ची ओढून सासऱ्यांसमोर बसली, ओढणी नीट केली आणि सुरुवात केली. अगदी शांतपणे केली. पेपर सगळ्यात आधी तुम्हीच का उघडायचा, आणि तुमची आंघोळ होईपर्यंत तो घडी न मोडता तसाच का ठेवायचा, इथून ती निघाली. मग टीव्हीचा रिमोट उशाखाली घेऊन झोपण्यावर आली. आम्ही सिनेमाला निघालो की बरोबर जिन्यापर्यंत पोचल्यावरच तुमच्या छातीत कळ कशी येते? माझ्या आईचा फोन आला की तुमचं यंत्र का गुरगुरायला लागतं? “आणि बाबा, आम्ही परत आल्यावर स्वयंपाकघरातला बिस्किटांचा डबा रिकामा असतो. कळ येऊन निपचित पडलेला माणूस डब्यापर्यंत जातो कसा, एवढंच मला कुणीतरी सांगा.”

तिला आता थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. आणि गंमत म्हणजे दादासाहेब चिडले नाहीत. त्यांना असं कधी कुणी बोललंच नव्हतं. त्यामुळे चिडायचं कुठून, हेच त्यांना सापडेना. ते हळूहळू सोफ्यात रुतत गेले. बोट उगारलेला हात मांडीवर आला.

बाईंनी पट्टा उतरवला. “एकशे अठरा. बोलणी खाणं मानवतंय तुम्हाला.”

भाऊ आणि बहीण एकदमच खोकायला लागली.

बाईंनी हातातलं पेन बंद केलं आणि त्या विचारात पडल्या. मुलाचं बीपी तर खोटं नव्हतं. वडिलांच्या बाजूला काहीच सापडत नव्हतं. “काकू कुठे आहेत?”

“ती? ती चहा करतेय,” दादासाहेब म्हणाले. “तिचं काय करायचंय? ती आमच्या रक्ताची नाही. बाहेरून आलेली.”

“मुलगा बाहेरून आलेला नाही ना? त्यांना बोलवा.”

वहिनी पदराला हात पुसत आल्या. “माझं कशाला? गॅस चालू आहे,” म्हणत सोफ्याच्या कडेला टेकल्या. बाईंनी पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला. काही न बोलता दुसऱ्या हाताला बांधला. मग थोडं थांबून पुन्हा पहिल्या हाताला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं. मदतनीसही जवळ येऊन उभा राहिला.

“काकू, डोकं दुखतं का?”

“दुखतं की. सकाळी उठलं की जास्त. कधी कधी डोळ्यांपुढे चमकतं.”

“कधीपासून?”

“फार वर्षं झाली.”

“आणि कुणाला सांगितलं नाहीत?”

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. “या घरात एकालाच बीपी असायचं, असं ठरलेलं होतं.”

बाईंनी माहेरचं विचारलं. आई पन्नाशीच्या आतच गेली होती. दोरीवर कपडे घालताना खाली पडली, डोक्यात रक्तस्राव झाला. मामाला तरुणपणीच अर्धांगाचा झटका. आणि भाऊ? “तो घेतो गोळ्या. तीन प्रकारच्या घेतो, तरी उतरत नाही म्हणतो.”

“काकू, गॅस बंद करा. आपण आत्ता रुग्णालयात चाललोय.”

“आत्ता? कणीक भिजवून ठेवलीय...”

“आई, चल!” मुलगा ओरडला. घरात मोठ्याने बोललं गेलं होतं, आणि या वेळी पट्ट्याकडे कुणी धावलं नाही.

वहिनींना रुग्णालयात ठेवून घेतलं. दादासाहेब बाहेरच्या बाकावर बसले. पहिला काही वेळ त्यांना खरं म्हणजे अपमानच वाटत होता. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि बीपी निघालं कुणाला, तर जिने कधी ते मिरवलंसुद्धा नाही! इतका आतल्या गाठीचा स्वभाव? ते तणतणत होते, तेवढ्यात परिचारिका बाहेर आली.

“पेशंटला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे?”

दादासाहेबांनी सवयीने स्वतःचीच बाही वर केली.

“आधी कधी ॲडमिट होत्या? झोप नीट लागते? पायांवर सूज असते?”

दादासाहेबांना आपल्या बीपीचे कित्येक वर्षांतले आकडे तोंडपाठ होते. बायकोच्या पायांवर सूज असते का, हे त्यांना माहीत नव्हतं. धावत आलेल्या मेहुण्याने, बटणवाल्याने, एकेक उत्तर दिलं. सूज असते, झोप नाही, पेनिसिलिन चालत नाही, आणि मुलाच्या वेळी तर हातपाय इतके सुजले होते की बांगड्या कापाव्या लागल्या. “ताई बरी होईल ना हो?” तो परिचारिकेला पुन्हा पुन्हा विचारत होता.

बरी होईल ना, हे विचारायचं आपल्याला सुचलंच नव्हतं, हे दादासाहेबांच्या ध्यानात आलं. तेव्हा मात्र त्यांना भीती वाटली. खरीखुरी. हात गार पडले, छाती धडधडली. आणि नेमकं त्या वेळी त्यांचं बीपी मोजायला आसपास कुणीही नव्हतं.

वहिनी सावरल्या. मग बाईंनी बटणवाल्यांना बोलावलं. मेहुणा आला, त्याच्या दोन मुली आल्या, मामाचा मुलगा आला, मावशी आली. सगळी गोल चेहऱ्याची, मृदू आवाजाची माणसं. एकमेकांना “तू आधी बस” म्हणत रांगेत उभी राहिली आणि एकामागून एक असे काही आकडे देऊ लागली, की मदतनीस चकित झाला. आवाज चढवणं त्यांच्यात कुणाला माहीत नव्हतं, पण बीपी मात्र थेट छताला.

“काय घराणं आहे!” डॉक्टरीणबाई हरखून म्हणाल्या. “असं घराणं मिळायला आम्हाला वर्षानुवर्षं वाट बघावी लागते.”

‘घराणं’ हा शब्द बटणवाल्यांना लावलेला ऐकून दादासाहेबांनी भिंतीचा आधार घेतला.

पुढे रक्ताचे नमुने गेले, तपासण्या झाल्या. मधल्या काळात ऋतू बदलला. अखेर त्या सगळ्यांमध्ये एकच बिघडलेलं जनुक सापडलं. आईकडून मुलाला आलेलं. त्यावर नेमकी गोळीही होती. ती सुरू केल्यावर वहिनींचं डोकं दुखायचं थांबलं. मुलाचं बीपी उतरलं. मेहुण्याच्या तीन गोळ्यांची एक झाली. मेहुण्याच्या धाकट्या मुलीला तर त्रास सुरू व्हायच्या आधीच उपाय मिळाला, तेव्हा मावशीने बाईंचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.

बाईंनी सगळ्यांना बोलावून भिंतीवर वंशवृक्ष दाखवला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. ज्यांच्यात ते जनुक आहे, ते काळे भरलेले. बटणवाले हौसेने स्वतःला शोधत होते. “हा मी!” “ही आई बघ!” “अगं, मी मावशीच्या शेजारी!” लग्नाच्या फोटोत शोधावं तसं. दादासाहेब मागे उभे होते. त्यांनी चष्मा पुसला, पुढे झाले आणि एका कडेला बोट टेकवलं.

“हा रिकामा चौकोन कोण?”

“ते तुम्ही, काका.”

“माझ्यात काहीच नाही?”

“काहीच नाही. पण तुम्हीही लागता आम्हाला. तुम्ही या अभ्यासात आमचे कंट्रोल आहात.”

दादासाहेबांची पाठ एकदम ताठ झाली. “कंट्रोल?”

“हो. म्हणजे कसं, की त्याच घरात राहणारा, त्याच हातचं खाणारा, पण ज्याला...”

“कळलं, कळलं,” दादासाहेबांनी हात उंचावून त्यांना थांबवलं. “समजावू नका. खात्यात मी आयुष्यभर तेच केलंय.” आणि त्यांनी बटणवाल्यांकडे मान वळवून अशी नजर टाकली, की जणू कर्मचारी हजर आहेत ना हे पाहत आहेत.

तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगू लागले. केस कापणाऱ्याला सांगितलं, खालच्या दुकानदाराला सांगितलं, शेजारच्या निवृत्त इंजिनिअरला तर जिन्यात अडवून सांगितलं. “एवढं मोठं संशोधन चाललंय. बाकीची माणसं नुसती पेशंट. कंट्रोल सगळा माझ्याकडे दिलाय.”

सुनेला हसू आवरेना. “आई, कंट्रोल म्हणजे ज्याला काही झालेलं नसतं तो तुलनेपुरता ठेवलेला माणूस. सांगून टाकू का बाबांना?”

“नको गं,” वहिनी म्हणाल्या. “मोठ्या कामाचा शब्द आहे. वाया कशाला घालवायचा?”

त्या दिवशी जेवताना दादासाहेबांनी पहिला घास घेतला आणि ताट ढकललं. “भाजीत मीठ नाही!”

“माझं नि मुलाचं कमी मिठाचं असतं ना आता,” वहिनी सहज म्हणाल्या. “कंट्रोलने पेशंटचंच जेवण जेवायचं असतं. तुमचं ताट वेगळं झालं तर अख्खा शोध चुकायचा. पण तुम्हाला जमत नसेल तर राहू दे. मी मॅडमना सांगते, माझा भाऊ होईल कंट्रोल.”

“तो बटणवाला?” दादासाहेबांनी ताट पुढे ओढलं आणि मान खाली घालून भाजी संपवली. थोडी मागूनही घेतली.

जेवण झाल्यावर ते सोफ्याकडे वळले, तेव्हा वहिनींनी त्यांच्या हातात पिशवी दिली. “कंट्रोलने रोज चालायला हवं, म्हणाल्या मॅडम. येताना टोमॅटो आणा. आणि आल्यावर ताटं घासून टाका. हाताला व्यायाम हवा.”

“मॅडम म्हणाल्या?”

“हो तर.”

“मग करायलाच हवं. जबाबदारी आहे,” म्हणत दादासाहेबांनी चपला चढवल्या आणि छाती काढून जिना उतरले.

त्यांची पावलं दूर गेल्यावर वहिनी सोफ्याच्या मधोमध बसल्या, पाय वर घेतले आणि पेपर उघडला.

“आई,” सून त्यांच्याजवळ येऊन कुजबुजली, “मॅडम असं कधी म्हणाल्या?”

“म्हणतील की,” वहिनी पान उलटत म्हणाल्या. “पुढच्या तपासणीला गेले की सांगते त्यांना.”